‘वरून आदेश आहे’ म्हटल्यावर काय विचारायचं: छोट्या फूड धंद्यासाठी तपासणी, सॅम्पल आणि नोटिशीची पायरी-पायरीने माहिती

मी आणि माझी वहिनी मिळून चिवडा, चकली, लाडू आणि दोन-तीन मसाले बनवतो. छोटं युनिट आहे, सात बायका कामाला आहेत, लायसन्स आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे फराळाच्या ऑर्डरी अंगावर असताना, एका सरकारी ऑफिसातून फोन आला की नवीन परिपत्रक आलंय, आता प्रत्येक मालाचा लॅब रिपोर्ट दर महिन्याला पाहिजे, नाहीतर लायसन्स सस्पेंड होईल. आम्ही घाबरलो आणि दोन महिने मुकाट्याने सगळ्या मालाची टेस्टिंग करून घेतली, त्यात त्या सीझनचा बराचसा नफा गेला. मग ओळखीच्या एका वकीलकाकांनी एकच प्रश्न विचारला, ‘परिपत्रक बघितलंस का गं तू?’ बघितलंच नव्हतं. आमच्या लायसन्सच्या अटी काढून वाचल्या तर तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं की सहा महिन्यांतून किमान एकदा टेस्टिंग करायची, दर महिन्याचं कुठेच काही नाही.

तेव्हापासून मी अन्न सुरक्षेचा कायदा वाचायला लागले आणि आता आसपासच्या बचत गटातल्या बायकांना, खानावळ चालवणाऱ्यांना, बेकरीवाल्यांना जमेल तसं सांगते. आधीच सांगते, हे अधिकाऱ्यांच्या विरोधात लिहिलेलं नाही. भेसळ पकडणारं कुणीतरी पाहिजेच, आपली मुलंही बाहेरचं खातात. पण अधिकार कायद्याने दिलेला असतो आणि कायद्याने त्याला हद्द पण घातलेली असते, ती हद्द आपल्याला माहीत नसली की तोंडी सूचना पण कायदा वाटायला लागते.

आधी उतरंड समजून घ्या

सगळ्यात वर राज्यघटना. कलम १९(१)(छ) म्हणजे धंदा करायचं स्वातंत्र्य, त्यावर सरकारला बंधन घालता येतं पण ते वाजवी पाहिजे आणि कायद्याने घातलेलं पाहिजे. त्याच्या खाली संसदेने केलेला अधिनियम, आपल्या बाबतीत अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६, जो मुख्यतः ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याच्या खाली नियम, जे केंद्र सरकार करतं, आणि विनियम, जे एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, करतं. आणि त्याच्याही खाली परिपत्रकं, अ‍ॅडव्हायजरी, आदेश, मार्गदर्शक सूचना, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ आणि शेवटी ‘साहेबांनी सांगितलंय’.

उतरंडीतलं खालचं मडकं वरच्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. अधिनियमात नाही ते विनियमात घुसवता येत नाही आणि विनियमात नाही ते परिपत्रकाने तुमच्यावर लादता येत नाही. विनियम करायचा तर कलम ९२ प्रमाणे एफएसएसएआयला आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, केंद्राची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, अधिसूचना काढावी लागते, आणि कलम ९३ प्रमाणे तो संसदेसमोर ठेवावा लागतो. म्हणजे कुणालातरी त्यावर हरकत घ्यायची संधी मिळालेली असते. परिपत्रकाला यातलं काहीच लागत नाही, एक सही झाली की ते निघतं, आणि म्हणूनच त्याची ताकद कमी आहे.

हे नुसतं पुस्तकी नाही. ८ मे २०१३ ला एफएसएसएआयने एक अ‍ॅडव्हायजरी काढली की अमुक प्रकारचे फूड प्रॉडक्ट बाजारात आणायच्या आधी आमच्याकडून प्रॉडक्ट अप्रूव्हल घ्या. कंपन्यांचे अर्ज तिथे अडकून पडायला लागले. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स आणि इतर काहीजण मुंबई हायकोर्टात गेले आणि २०१४ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की या अ‍ॅडव्हायजरीला कायद्याचं बळ नाही. एफएसएसएआय सुप्रीम कोर्टात गेली, तिथेही १९ ऑगस्ट २०१५ ला हायकोर्टाचाच निकाल कायम राहिला, आणि आठवड्याभरात, २६ ऑगस्टला, एफएसएसएआयने ती प्रॉडक्ट अप्रूव्हलची पद्धतच बंद केली. कोर्टाचं म्हणणं सोप्या भाषेत असं की लोकांवर बंधन घालायचं असेल तर विनियम करायचा जो रस्ता कायद्यात दिलाय त्याच रस्त्याने या. दोन वर्षं अख्खी इंडस्ट्री ज्या कागदामागे धावत होती तो कागद तिला बांधून ठेवूच शकत नव्हता!

आता याची दुसरी बाजू पण लक्षात ठेवा, कारण लोक इथे चुकतात. परिपत्रक म्हणजे रद्दी असा अर्थ काढू नका. कलम १६(५) खाली एफएसएसएआय राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना निर्देश देऊ शकते आणि ते आयुक्तांवर बंधनकारक असतात. म्हणजे एखादं परिपत्रक तुमच्या फायद्याचं असेल, समजा मुदतवाढ दिलीय किंवा जुनं लेबल अमुक तारखेपर्यंत चालेल असं म्हटलंय, तर ते प्रिंट काढून फाईलला लावा आणि बिनधास्त दाखवा, अधिकाऱ्याला स्वतःच्या खात्याचं म्हणणं बाजूला सारता येत नाही. आणि काही वेळा कायद्यातच त्या कागदाला पाया असतो. आपल्याकडचंच वेगळ्या क्षेत्रातलं उदाहरण देते, हाउसिंग सोसायट्यांनी भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाकडून भोगवटेतर शुल्क सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये असा आदेश राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ ला काढला होता, त्याला मुंबईतल्या माँ ब्लाँ सोसायटीने आव्हान दिलं आणि २००७ मध्ये हायकोर्टाने तो आदेश उचलून धरला, कारण सहकार कायद्याच्या कलम ७९अ मध्ये सरकारला तसे निर्देश द्यायचा अधिकार लिहिलेलाच होता. त्यामुळे प्रश्न ‘हे परिपत्रक आहे का’ असा विचारायचा नाही. ‘या परिपत्रकाच्या मागे कायद्याचं कुठलं कलम आहे’ असा विचारायचा.

पायरी १: तोंडी सूचना कागदावर आणा

फोनवर किंवा दुकानात उभं राहून काही सांगितलं तर वाद घालू नका, नाही म्हणू नका, लगेच हो पण म्हणू नका. ‘बरं साहेब, लिहून द्याल का, म्हणजे आम्हाला फाईलला लावता येईल’ एवढंच. लिहून दिलं तर उत्तमच. नाही दिलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आपणच पत्र लिहायचं, आम्ही जे लिहिलं होतं ते साधारण असं:

‘महोदय, आपण दि. … रोजी दूरध्वनीवरून कळविले की आमच्या प्रत्येक उत्पादनाचा चाचणी अहवाल दरमहा सादर करावा. सदर सूचना अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ किंवा त्याखालील नियम/विनियमांच्या कोणत्या तरतुदीनुसार आहे ते कृपया कळवावे व संबंधित परिपत्रकाची प्रत मिळावी. प्रत मिळताच आवश्यक ती पूर्तता करण्याची आमची तयारी आहे. आमच्या परवान्याच्या अटीनुसार मागील चाचणी अहवाल सोबत जोडला आहे.’

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. तयारी दाखवायची आणि आपण जे खरंच केलंय त्याचा पुरावा जोडायचा, म्हणजे पत्र भांडखोर वाटत नाही आणि उद्या वरच्या अधिकाऱ्यासमोर फाईल गेली तर तुमची बाजू आपोआप दिसते. हे पत्र आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊन पोच घ्या. ईमेल पण करा. आवकवाले ‘साहेबांना भेटून द्या’ म्हणतात, तरी शांतपणे म्हणायचं की आधी पोच द्या मग भेटते, आणि अगदीच घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवायचं. आमच्या त्या पत्राला उत्तर कधीच आलं नाही, पण दर महिन्याच्या रिपोर्टचा विषय पण पुन्हा निघाला नाही.

पायरी २: तपासणीला आले तर

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला कलम ३८ खाली आत येऊन तपासणी करायचा, सॅम्पल घ्यायचा आणि संशय असेल तर माल जप्त करायचा अधिकार आहे. अडवायचं नाही, दार लावून घ्यायचं नाही, तो वेगळा गुन्हा होतो. पण ओळखपत्र बघायला मागणं म्हणजे अडवणं नाही. नाव आणि हुद्दा वहीत लिहून घ्या, यायची वेळ जायची वेळ लिहा. आम्ही एक साधी दोनशे पानी वही दाराजवळच ठेवलीय.

कारवाई करताना त्यांनी एक-दोन पंच बोलावून त्यांच्या सह्या घ्यायच्या असतात. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका, आणि वाचून झाल्यावर जे पटत नाही ते सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, ‘माल बंद पोत्यात होता’, ‘मुदत संपलेली पाकिटं परत पाठवण्यासाठी वेगळी ठेवली होती, विक्रीला नव्हती’ असं. नंतर हजार पानांचं उत्तर दिलं तरी त्या क्षणी लिहिलेल्या एका ओळीएवढं त्याचं वजन नसतं. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही करायचीच नाही, कितीही घाई केली तरी.

जप्ती त्रास द्यायला, वाजवी कारण नसताना केली असेल तर कलम ३९ प्रमाणे अधिकाऱ्यालाच १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम फार थोड्यांना माहीत आहे. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की तक्रार खोटी निघाली तर तक्रार करणाऱ्याला ५० हजार ते १ लाख दंड. म्हणून रागाच्या भरात हे शस्त्र उपसू नका, पुरावा पक्का असेल तरच.

पायरी ३: सॅम्पल, आणि तो चौथा भाग

इथे जरा थांबून नीट वाचा कारण सगळ्यात जास्त केसेस इथेच हरल्या किंवा जिंकल्या जातात.

सॅम्पल घेताना कलम ४७ प्रमाणे तुम्हाला लेखी नोटीस मिळाली पाहिजे, तिला फॉर्म ५-अ म्हणतात. सॅम्पलची किंमत, म्हणजे तो माल लोकांना ज्या भावाने विकता ती, त्यांनी तुम्हाला द्यायची असते, फुकट न्यायचं नसतं, आणि तुम्ही पण ‘राहू दे साहेब’ म्हणू नका, पावती होऊ द्या कारण तो पुरावा आहे. मग सॅम्पलचे चार भाग करून प्रत्येकाला सील आणि खूण. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन भाग पदावधीत अधिकाऱ्याकडे (इंग्रजीत डेझिग्नेटेड ऑफिसर), जो आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सहायक आयुक्त अन्न असतो. आणि चौथा भाग, तुम्ही मागणी केली तर, मान्यताप्राप्त लॅबकडे जातो. खर्च तुमचा.

‘तुम्ही मागणी केली तर’. कुणी आपणहून विचारेलच असं नाही. म्हणून त्याच वेळी, तिथेच, फॉर्मवर किंवा वेगळ्या कागदावर लिहून द्या की चौथा भाग एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवावा, खर्च आम्ही देऊ. दोन रिपोर्ट वेगवेगळे आले तर पदावधीत अधिकाऱ्याला उरलेल्या भागांतला एक रेफरल लॅबला पाठवावा लागतो आणि तिचा निर्णय शेवटचा. चौथा भाग मागितलाच नाही तर ही दुसरी बाजू तुमच्या हातात येतच नाही. माझ्या ओळखीच्या एका बेकरीवाल्या दादांनी हे केलं नव्हतं, त्यांना शेवटी दंड भरावा लागला, आणि माल खरंच खराब होता की तपासणीत काही चुकलं ते त्यांना आजही माहीत नाही.

लॅब कुठली आहे हा प्रश्न किती मोठा ठरू शकतो ते मॅगीच्या वेळी सगळ्या देशाने बघितलं. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने मॅगीच्या नऊ प्रकारांवर बंदी घातली, कारण शिसं मर्यादेपेक्षा जास्त सापडल्याचे रिपोर्ट होते, मर्यादा होती २.५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत अडीच भाग. नेस्ले मुंबई हायकोर्टात गेली आणि १३ ऑगस्ट २०१५ ला न्या. कानडे आणि न्या. कुलाबावाला यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली. मुख्य कारणं दोन, एक म्हणजे बंदीच्या आधी कंपनीला आपली बाजू मांडायची नीट संधी दिली नाही, आणि दुसरं म्हणजे ज्या लॅबच्या रिपोर्टवर बंदी उभी होती त्यांना कायद्याला लागते ती मान्यता नव्हती. कोर्टाने कंपनीला क्लीन चिट पण दिली नाही हे लक्षात घ्या, प्रत्येक प्रकाराची पाच-पाच सॅम्पल तीन मान्यताप्राप्त लॅबमध्ये पुन्हा तपासायला लावली आणि ती पास झाल्यावरच, नोव्हेंबरमध्ये, माल परत दुकानात आला. एवढ्या मोठ्या कंपनीला लागू झाला तो नियम तुमच्या पापड-लोणच्यालाही लागू आहे, त्यामुळे रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा लॅबचं नाव आणि मान्यता बघा, निष्कर्ष नंतर.

पायरी ४: रिपोर्ट विरोधात आला तर

अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. उशीर झाला म्हणून केस आपोआप उडते असं समजू नका, कोर्टांनी याबाबत वेगवेगळी मतं दिलीत, पण उशीर झाला असेल तर तुमच्या उत्तरात तारखांसकट लिहा. नाशवंत मालाच्या बाबतीत तर नक्कीच, कारण सॅम्पल कुठे आणि कसं ठेवलं होतं हा खरा प्रश्न आहे.

रिपोर्ट मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ८ मध्ये पदावधीत अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि सॅम्पल रेफरल लॅबला पाठवायची मागणी करता येते. हे ३० दिवस पाकीट हातात आलं त्या दिवसापासून मोजायला घ्या आणि पाकीट पण जपून ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. घरात लग्न होतं, गणपती होते, सीए गावाला गेले होते, यातलं काहीही मुदत थांबवत नाही.

रिपोर्टमध्ये ‘सबस्टँडर्ड’, ‘मिसब्रँडेड’ आणि ‘अनसेफ’ यातला नेमका कुठला शब्द आहे ते बघा. या तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिसब्रँडेड म्हणजे बहुतेक वेळा लेबलचा घोळ, त्याला कलम ५२ खाली ३ लाखापर्यंत दंड. सबस्टँडर्ड म्हणजे ठरलेल्या दर्जात बसलं नाही, पण खाण्याला घातक असेलच असं नाही, कलम ५१, ५ लाखापर्यंत दंड. अनसेफ म्हणजे फौजदारी केस, तुरुंग. अनसेफ लिहून आलं असेल तर हा लेख बंद करा आणि आधी वकील गाठा.

पायरी ५: सुधारणा नोटीस

लायसन्सच्या अटी पाळल्या नाहीत असं वाटलं तर पदावधीत अधिकारी कलम ३२ खाली सुधारणा नोटीस देतो. या नोटिशीत चार गोष्टी पाहिजेतच: तुम्ही पालन केलं नाही असं त्यांना का वाटतं, नेमकं काय पाळलं नाही, काय उपाय करायचे, आणि किती दिवसांत. ते दिवस १४ पेक्षा कमी असता कामा नयेत. ‘तीन दिवसांत खुलासा करा अन्यथा परवाना रद्द’ अशी नोटीस आली तर पहिल्याच ओळीत कलम ३२ मधल्या १४ दिवसांचा उल्लेख करून वाजवी मुदत मागा.

क्रम पण ठरलेला आहे. आधी सुधारणा नोटीस, ती पाळली नाही तर सस्पेन्शन, तरीही नाही पाळलं तर बाजू मांडायची संधी देऊन मग रद्द. पायऱ्या गाळून थेट रद्द करता येत नाही. अपवाद एकच, लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर ताबडतोब सस्पेंड करता येतं, पण त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. तातडीने धंदाच बंद करायची जी कलम ३४ ची ऑर्डर असते तिच्या आधी सुद्धा किमान एक दिवस नोटीस द्यावीच लागते आणि ऑर्डर आयुक्त काढतात. जागेवर उभं राहून ‘आत्ता शटर खाली घ्या’ असं तोंडी कुणी सांगत असेल तर ‘कलम ३४ ची ऑर्डर दाखवता का साहेब’ हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आवाज न चढवता.

सुधारणा नोटीस, लायसन्स नाकारणं, सस्पेन्शन, रद्द करणं या सगळ्याविरुद्ध अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील आहे. निर्णय कळल्यापासून १५ दिवस, आणि सुधारणा नोटिशीच्या बाबतीत नोटिशीत दिलेली मुदत आधी संपत असेल तर तीच मुदत. म्हणजे १४ दिवसांची नोटीस असेल तर हातात १४च दिवस. पूर्तता आणि अपील दोन्ही एकदम करता येतं, ‘आमचा हक्क राखून पूर्तता करत आहोत’ असं लिहा. पूर्ततेचे फोटो तारखेसकट जोडा, जाळी बसवली, फरशी बदलली, कामगारांचे मेडिकल केले, पेस्ट कंट्रोलची पावती. मला विचाराल तर नव्वद टक्के प्रकरणं इथेच मिटवावीत, कारण सांगितलेल्या गोष्टी बऱ्याच वेळा बरोबरच असतात आणि आपल्या ग्राहकासाठी त्या करायलाच हव्यात.

पायरी ६: सुनावणी आणि आदेश

दंडाचं प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर चालतं. कलम ६८ मध्ये तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायचीच असं आहे. तारखेला जा, लेखी म्हणणं द्या, आणि कलम ४९ आवर्जून वाचा, कारण दंड ठरवताना काय बघायचं ते तिथे लिहिलंय: बेकायदा फायदा किती झाला, कुणाला नुकसान किती झालं, चूक पुन्हा पुन्हा झाली का, अजाणतेपणी झाली का. ‘पहिलीच वेळ आहे, लेबल छापणाऱ्याची चूक होती, कळल्यावर त्याच दिवशी माल परत घेतला’ हे नुसतं बोलू नका, बिलं आणि मेसेज जोडून द्या. ३ लाखापर्यंत दंड याचा अर्थ ३ लाखच असा नसतो.

आदेश आल्यावर त्यात कारणं लिहिलीत का ते बघा. आणि सही करणाऱ्याने स्वतः विचार करून निर्णय घेतला की वरून सांगितलं म्हणून सही केली हे पण बघा. यावर आपल्या मुंबईतलीच एक जुनी आणि मला फार आवडणारी केस आहे. गोरधनदास भानजी यांना अंधेरीला सिनेमागृह बांधायचं होतं. जुलै १९४७ मध्ये पोलिस आयुक्तांनी परवानगी दिली आणि सप्टेंबरमध्ये पत्र पाठवलं की परवानगी रद्द केल्याचं कळवायला मला सरकारने सांगितलंय. सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये सांगितलं की परवानगी रद्द करायचा अधिकार नियमांनी आयुक्तांना दिला होता, सरकारला नाही, त्यामुळे हा आयुक्तांचा आदेशच नव्हे. शिवाय, आदेशात जे शब्द आहेत त्यावरूनच आदेश वाचायचा, नंतर अधिकारी येऊन ‘माझ्या मनात असं होतं’ म्हणाला तर ते चालणार नाही. १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल खटल्यात हेच पुन्हा पक्कं झालं, आदेश ज्या कारणांवर काढला त्याच कारणांवर तो टिकला पाहिजे, कोर्टात प्रतिज्ञापत्र करून नवीन कारणं चिकटवता येत नाहीत. म्हणूनच ‘वरून आदेश आहे’ हे वाक्य तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, ते कुणी लेखी दिलं तर जपून ठेवा.

न्यायनिर्णय अधिकाऱ्याच्या आदेशावर ३० दिवसांत अन्न सुरक्षा अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं आणि तिथून ६० दिवसांत हायकोर्टात. फौजदारी बाबतीत कलम ७७ प्रमाणे गुन्ह्यापासून एका वर्षाच्या आत कोर्टाने दखल घ्यायची असते, आयुक्त लेखी कारण देऊन ती मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात. जुनी फाईल अचानक वर आली तर आधी तारखा मोजा.

पायरी ७: माहिती अधिकार, पण नेमका

पत्राला उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प किंवा ऑनलाइन. ‘का’ विचारू नका, माहिती अधिकारात मतं मिळत नाहीत, कागद मिळतात. म्हणून असं मागा: अमुक सूचना ज्या परिपत्रकावर आधारित आहे त्याची प्रत, ते ज्या कलमाखाली काढलं त्या नोंदीची प्रत, आमच्या अमुक नंबरच्या पत्रावरच्या टिप्पणीची प्रत. कायद्याच्या कलम ४ मध्ये असं पण आहे की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला खात्याने आपणहून द्यायची, त्याचा उल्लेख करा. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प, आणि मग ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे वेळ लागतो, पण पहिल्या अपीलाच्या सुनावणीतच बऱ्याच वेळा कागद निघतो, किंवा असा कागदच नाही असं उत्तर निघतं, आणि ते उत्तर तर जास्तच उपयोगी.

एक काळजी घ्या, माहिती अधिकाराची वाट बघत नोटिशीची मुदत घालवू नका. दोन्ही गाड्या वेगळ्या रुळांवर चालतात.

आणि हायकोर्ट

राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात केलेला अर्ज, हा शेवटचा रस्ता. अपिलाची सोय असताना थेट आलात तर कोर्ट सहसा परत पाठवतं, पण बाजूच ऐकून घेतली नाही, अधिकारच नसताना आदेश काढला, किंवा परिपत्रकालाच आव्हान आहे, अशा वेळी ऐकतं. आपल्याकडे मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना मुंबईच्या खेपा वाचल्या. खर्च येतो, एकट्या छोट्या युनिटला जड जातो, म्हणून प्रश्न सगळ्यांचा असेल तर तालुक्यातल्या संघटनेमार्फत किंवा चार-पाच जणांनी मिळून जा.

वकिलाकडे जाताना एकच फाईल न्या, तारखेप्रमाणे लावलेली: लायसन्स आणि त्याच्या अटी, फोन आल्याची वहीतली नोंद, तुमचं पत्र आणि पोच, पंचनामा, फॉर्म ५-अ, सॅम्पलच्या पैशांची पावती, रिपोर्ट आणि त्याचं पाकीट, नोटीस, उत्तर, फोटो. आणि कायद्याची ताजी प्रत एफएसएसएआयच्या वेबसाइटवरून काढा, कारण दुरुस्त्या होत असतात आणि दंडाचे आकडे बदलतात. आमच्या वहिनीने अशी फाईल प्लास्टिकच्या कव्हरमध्ये करून तिखटाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर ठेवलीय. मागच्या तपासणीला आलेल्या मॅडमनी ती पाहिली, सगळे रिपोर्ट चाळले, जाळीला एक भोक होतं ते दाखवलं, पंधरा दिवसांत दुरुस्त करा असं लिहून दिलं, खाली कलम पण लिहिलं. आम्ही चौथ्या दिवशी जाळी बदलली आणि फोटोसकट पोच घेतली.